खेळण्यातलं सैन्य आणि खरं युद्ध

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता खेळण्यांवर बोलणार?" मी म्हटलं, हो, खेळण्यांवरच. कारण माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटात एक खण असा आहे, ज्यात कांटही नाही आणि शंकराचार्यही नाहीत. त्यात प्लास्टिकचे रणगाडे, विमानं आणि बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे सैनिक आहेत. लहानपणी लागलेला नाद सत्तरी ओलांडली तरी सुटला नाही. घरच्यांनी आता आशा सोडली आहे.

पण हा नाद मला नेहमी थोडा टोचत आला आहे. मी स्वतः अहिंसेवर तासन् तास शिकवलं, आणि घरी येऊन रणगाड्यांना रंग देत बसलो. यात काही विसंगती आहे की नाही? युद्ध छोटं करून टेबलावर मांडलं की ते समजतं, की त्याची फक्त गोडी लागते? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. गेली दोनशे-अडीचशे वर्षं बऱ्याच लोकांना तो पडला आहे, आणि त्यांची उत्तरं मोठी उद्बोधक आहेत. म्हणून आज इतिहास सांगतो. तत्त्वज्ञान मधूनमधून येईल, त्याला इलाज नाही.

सुरुवात आपल्याला ओळखीच्या ठिकाणाहून करू. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. आपल्या बुद्धिबळाचा उगम तिथे आहे. पण बुद्धिबळात युद्धातली एक मुख्य गोष्ट नाही. बुद्धिबळात दोघांनाही सगळं दिसतं. शत्रूचा घोडा कुठे आहे हे शोधावं लागत नाही. आणि माझ्या प्याद्याने तुमचा उंट मारला तर तो मेलाच. चुकून वाचला असं होत नाही. युद्धात या दोन्ही गोष्टी होतात. शत्रू दिसत नाही आणि दिसला तरी नेम चुकतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन प्रदेशात काही लोकांना हे खटकायला लागलं. १७८० साली ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळ ताणून एक युद्धखेळ केला. हजाराहून जास्त घरं, वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेले डोंगर, नद्या, दलदल. कल्पना छान होती, पण घरं ती घरंच. सैन्य काही चौकोनांतून उड्या मारत जात नाही.

खरी उडी प्रशियात पडली. १८०६ साली येनाच्या लढाईत नेपोलियनने प्रशियाचा साफ पराभव केला होता. जे सैन्य स्वतःला युरोपात अव्वल समजत होतं, ते एका दिवसात मोडलं. अशा पराभवानंतर माणसं दोन प्रकारे वागतात. एक तर दुसऱ्याला दोष देतात, नाहीतर शिकायला बसतात. प्रशियातली काही माणसं शिकायला बसली. त्यांत फॉन राइसविट्झ नावाचे एक मुलकी अधिकारी होते. सैन्यातले नव्हे, हं! १८१२ साली त्यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक मोठं टेबल करून दिलं. त्यावर डोंगर, नद्या, गावं यांचे तुकडे हवे तसे जुळवायचे आणि सैन्याचे ठोकळे मोजपट्टीने हलवायचे. घरं गेली, जमीन आली.

पुढचं काम त्यांच्या मुलाने केलं. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. १८२४ साली त्याने या खेळाचे नियम छापले. नकाशाचं प्रमाण १:८०००. प्रत्येक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ. दोन मिनिटांत पायदळ जेवढं चालेल तेवढंच ठोकळा हलणार. गोळीबाराचा परिणाम फासे टाकून ठरणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन बाजूंच्या मध्ये एक पंच. खेळणाऱ्याने ठोकळ्याला हात लावायचा नाही. हुकूम कागदावर लिहून पंचाला द्यायचा. तो हुकूम पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ पंच थांबणार. शत्रूची जी तुकडी तुमच्या माणसांना दिसू शकत नाही ती नकाशावर मांडलीच जाणार नाही.

आता हे जरा बारकाईने बघा. या तरुणाने खेळात काय घातलं? अज्ञान घातलं. उशीर घातला. नशीब घातलं. क्लाउझेविट्झचा युद्धावरचा ग्रंथ छापून येतो १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर. युद्धात सोपी गोष्टसुद्धा कशी कठीण होऊन बसते, आणि माणसाच्या सगळ्या व्यवहारांत युद्धाचं साम्य पत्त्यांच्या डावाशी कसं जास्त आहे, हे त्यात आहे. राइसविट्झच्या टेबलावर ते आधीच मांडलेलं होतं.

प्रशियाचा सेनापती फॉन म्युफलिंग हा खेळ बघायला आला तेव्हा आधी थंड होता. डाव रंगला तसा तो बदलत गेला, आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षणच आहे, सगळ्या सैन्याला हे शिकवलं पाहिजे, अशा अर्थाचं तो बोलला असं सांगतात. तशी शिफारसही त्याने केली. पण त्या लेफ्टनंटचं पुढे काय झालं? १८२७ साली त्याने आत्महत्या केली. वयाच्या तिशीतला माणूस. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या खेळाच्या इतिहासात नियमांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं आणि माणसाबद्दल एक ओळ असते.

आता दुसरा धागा: खेळण्यातले सैनिक. हाही जर्मनीतूनच निघतो, न्यूरेंबर्गमधून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. थोरल्या फ्रेडरिकची कीर्ती तेव्हा जोरात होती, म्हणून त्याचं सैन्य पोरांच्या हातात आलं. पुढे एर्न्स्ट हाइनरिखसन या कारागिराने साधारण ३० मिलिमीटर ही उंची रूढ केली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण उंची ठरली की या डब्यातले सैनिक त्या डब्यातल्या सैनिकांशी लढू शकतात.

इंग्लंडात १८९३ साली विल्यम ब्रिटन याने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, साच्याला लागलेला थर घट्ट झाला की आतलं पातळ शिसं परत ओतून काढायचं. सैनिक आतून पोकळ. आपल्याकडची प्लॅस्टरची गणेशमूर्ती आतून पोकळ असते ना, तसंच काहीसं. माल कमी लागतो, वजन कमी होतं, किंमत उतरते. ५४ मिलिमीटरचे हे सैनिक मध्यमवर्गीय घरांत शिरले. साम्राज्याच्या प्रत्येक पलटणीचा डबा मिळायचा, हिंदुस्थानी घोडदळाचाही. म्हणजे लंडनमधला मुलगा आपल्या गालिच्यावर आपल्याकडच्या माणसांना लढवत होता.

चर्चिलने आत्मचरित्रात लिहिलं आहे की त्याच्याकडे जवळजवळ १५०० सैनिक होते. एकदा वडील खोलीत आले, मांडणी बारकाईने पाहिली आणि सैन्यात जायचंय का असं विचारलं. मुलाला वाटलं, वडिलांना आपल्यात सेनापती दिसला. वडिलांच्या मनात वेगळंच होतं: वकिलीला लागणारी हुशारी काही याच्यात नाही! (हशा) शाळेत हुशारी दिसली नाही की सैन्यात पाठवा, हा विचार त्या काळी तिकडेही होता.

आता मी जरा थांबून एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण मला या सगळ्या इतिहासात ती सर्वांत जास्त अस्वस्थ करते. कॅप्टन विल्यम सायबोर्न. १८३० साली ब्रिटिश सैन्याने त्याच्यावर वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम सोपवलं. तो काही महिने रणभूमीवरच्या शेतघरात जाऊन राहिला आणि जमिनीचा चढ-उतार मोजला. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुम्ही कुठे होता? समोर शत्रू कोण होता? शेतात पीक काय होतं? शेकडो उत्तरं आली. त्यावरून त्याने चारशे चौरस फुटांच्या आसपासचं एक मॉडेल केलं. त्यावर सुमारे ७५ हजार कथलाचे सैनिक, एकेक सेंटीमीटरभर उंचीचा. १८३८ साली ते लंडनला लोकांसमोर मांडलं गेलं.

पण अडचण आली ती सैनिक मांडताना. संध्याकाळी सात वाजता रणभूमीच्या एका कडेने प्रशियाचं सैन्य मोठ्या संख्येने आलेलं होतं. पुराव्याप्रमाणे सायबोर्नने ते मांडलं. म्हणजे बघणाऱ्याला एका नजरेत कळणार की विजय एकट्या वेलिंग्टनचा नव्हता. लेखी अहवालात एखादं वाक्य इकडचं तिकडे करता येतं. मॉडेलवर हजारो सैनिक एकतर आहेत नाहीतर नाहीत. वेलिंग्टनला आणि त्याच्या जवळच्या लोकांना हे रुचलं नाही. सरकारी पैसा आधीच थांबला होता, सायबोर्न कर्जात होता. अखेर त्याने पुष्कळसे प्रशियन सैनिक मॉडेलवरून काढून टाकले. ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

विद्यार्थ्यांना मी विचारत असे, सायबोर्न खोटं बोलला का? त्याने एकही चुकीची गोष्ट मांडली नाही, फक्त काही खऱ्या गोष्टी उचलून घेतल्या. पण प्रतिकृतीत उचलून घेणं हेच बोलणं असतं. काय ठेवलं आणि काय काढलं, हे प्रत्येक मॉडेलला विचारायला हवं. हा प्रश्न लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

एच. जी. वेल्स आपल्याला माहीत आहे तो काळाच्या यंत्रामुळे. १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' नावाचं छोटं पुस्तक काढलं. सुरुवात गमतीची आहे. जेवणानंतर एका मित्राने खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने सैनिकावर नेम धरला, तो पडला, आणि मोठी माणसं जमिनीवर बसली ती उठेनातच. वेल्सने नियम केले. त्यात गोळीबाराला फासे नाहीत. तोफेतून लाकडाची बारीक कांडी खरंच उडवायची, पडेल तो मेला. घड्याळ लावून चाल करायची. पुस्तक मुलांसाठी, दीडशे वर्षांपर्यंतच्या, असं त्याने गमतीने म्हटलं आणि अशा खेळांची आवड असणाऱ्या हुशार मुलींनाही त्यात धरलं.

या पुस्तकाचा शेवट गंभीर आहे. वेल्सचं म्हणणं असं, की हे छोटं युद्ध तीन-चारदा खेळून बघा, म्हणजे मोठं युद्ध केवढा गोंधळ असेल ते कळेल. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांना एका खोलीत कोंडून हा खेळ द्यावा. वर्षभराने पहिलं महायुद्ध सुरू झालं. आणि वेल्सने काय केलं? त्याच वर्षी त्याने जे पुस्तक काढलं त्याचं नावच होतं 'युद्धाचा अंत करणारं युद्ध'. त्याने त्या युद्धाला पाठिंबा दिला. म्हणजे खेळ त्याला वाचवू शकला नाही. खेळून माणूस शांततावादी होतो, हे म्हणणं मला पटायला आवडलं असतं. पण पुरावा तसा नाही. उलट खेळून माणूस युद्धखोर होतो, यालाही पुरावा नाही.

आता प्लास्टिक. एअरफिक्स ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या निर्वासिताने लंडनला काढली. आधी हवा भरलेली रबरी खेळणी, मग केसांचे कंगवे, मग १९५० च्या सुमारास प्लास्टिकची मॉडेलं. १९५३ साली स्पिटफायर विमान आलं. प्रमाण होतं १:७२. का? सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. हिशेब सोपा. जपानच्या तामियाने रणगाड्यांसाठी १:३५ धरलं, त्याचं कारण तर अजून घरगुती. त्यांच्या पहिल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटरी बसवायची होती. त्या मापात ती बसली. पुढे जगभर तेच प्रमाण झालं. इतिहासातली कितीतरी 'प्रमाणं' अशीच बॅटरीच्या मापाने ठरलेली असतात.

१९५९ पासून एअरफिक्सने इंचभर उंचीच्या मऊ प्लास्टिकच्या सैनिकांचे डबे काढले. एका डब्यात चाळीस-पन्नास जण, मुलाच्या खाऊच्या पैशात. रंग मात्र टिकत नसे. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यायचे, तरी वाकवलं की बंदुकीवरचा रंग उडायचा. शिशाचं सैन्य श्रीमंताचं होतं, प्लास्टिकचं कोणाचंही झालं. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन याने 'वॉर गेम्स' हे पुस्तक लिहिलं आणि मोठ्या माणसांचा हा छंद उभा राहिला. फेदरस्टोन व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, महायुद्धात रणगाडा दलात होता. खरं युद्ध पाहिलेला माणूस घरी येऊन खेळातलं युद्ध मांडतो, हे लक्षात घ्या.

माझ्या हातात पहिला डबा आला तो याच सुमाराला. वडिलांचे एक स्नेही विलायतेहून आले होते, त्यांनी आणला. आत शर्मन रणगाड्याचे सुटे भाग, चौकटीला जोडलेले. ब्लेडने कापायचे, कडा घासायच्या, सिमेंट लावून जोडायचे. ते सिमेंट साध्या गोंदासारखं चिकटवत नाही. ते प्लास्टिक वितळवतं आणि दोन तुकडे एक होतात. चुकलं की चुकलं. मी तीन दिवस खपलो आणि वरचं झाकण अगदी पक्कं बसवून टाकलं.

त्या दिवाळीत माझे मामा आले. साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. ती लढाई आपल्याकडे फारशी आठवली जात नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना इटलीतल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. मामा युद्धाबद्दल कधी बोलत नसत. मी मोठ्या अभिमानाने रणगाडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, झाकणावर नख लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये कशाला चिकटिवलंस रं? आत पाच मानसं असत्यात. भायेर कशी येनार ती?"

बस्स, एवढंच. चहा पिऊन ते उठले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. त्या रणगाड्यात कोणी माणसं आहेत, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता सायबोर्नचा प्रश्न पुन्हा घेऊ: काय काढून टाकलंय? दोन उदाहरणं देतो, दोन्ही १९४२ ची.

लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाने एक खोली उघडली. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या आणि त्या नेमकं काय करतात ते कळत नव्हतं. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स हा क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेला अधिकारी. त्याने फरशीवर समुद्र आखला, खडूने जहाजांच्या वाटा काढल्या, आणि अधिकाऱ्यांना कापडी पडद्याआड उभं करून फटीतून तेवढंच दाखवलं, जेवढं समुद्रावर दिसलं असतं. राइसविट्झचाच पंच तो. डाव चालवणाऱ्या बहुतेक महिला दलातल्या तरुण मुली. डाव पुन्हा पुन्हा मांडल्यावर लक्षात आलं की पाणबुडी ताफ्यात मागून शिरत असणार. मग तिला कोंडीत पकडायची चाल बसवली गेली. मुलींपैकी एकीने तिचं नाव ठेवलं 'रास्पबेरी'. हजारो अधिकारी तिथे शिकले. मोठा ॲडमिरल जेनेट ओकेल नावाच्या मुलीकडून हरला, अशी कथाही सांगतात.

दुसरं उदाहरण जपानचं. मिडवेच्या लढाईआधी 'यामातो' जहाजावर युद्धखेळ झाला. फुचिदा या जपानी वैमानिक अधिकाऱ्याने लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे, फाशांनी जपानच्या जहाजांवर नऊ बॉम्ब पडल्याचं सांगितलं. ॲडमिरल उगाकीने तो आकडा तीनवर आणला. बुडालेली 'कागा' पुढच्या डावात पुन्हा वर आली. ४ जूनला खऱ्या लढाईला तोंड फुटलं आणि जपानने 'कागा'सह चार विमानवाहू नौका गमावल्या. त्या वेळी कोणी वर आलं नाही.

खेळ तोच, पंचाचं काम तेच. एका ठिकाणी लोक न दिसणारं मान्य करून बसले, दुसऱ्या ठिकाणी दिसलेलं पुसून टाकलं. माझा निष्कर्ष असा, की दोष किंवा गुण खेळाचा नाही. फाशाने नको ते सांगितल्यावर आपण काय करतो त्याचा आहे.

शेवटी घरी येतो. आपण दिवाळीत किल्ला करतो. दगड-मातीचा, वर हळीव नाहीतर मोहरी पेरलेली, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. त्यात प्रमाण नावाची गोष्ट नसते. मावळा बुरुजाएवढा, महाराज दरवाज्याहून उंच. तरुणपणी मॉडेलं करताना मला हे अडाणीपणाचं वाटायचं. आता तसं वाटत नाही. त्या किल्ल्यात मोठं कोण हे आपल्या मनाने ठरवलंय, आणि ते उघड मांडलंय. एअरफिक्सचं प्रमाण अचूक, पण त्यात माझ्या मामांच्या पाच जणांना जागा नव्हती. दोन्हींना विचारायचा प्रश्न एकच आहे.

मामा गेल्यावर काही वर्षांनी मी तो शर्मन काढला आणि ब्लेडने झाकण उचकटायचा प्रयत्न केला. वितळून एक झालेलं प्लास्टिक ते, सरळ निघेना. कड मोडली, झाकण तिरकं झालं. मी ते तसंच ठेवलंय, नातवंडं विचारतात, आजोबा, हा तुटकाच का ठेवलाय? मग मी त्यांना मामांची गोष्ट सांगतो, आणि नंतर आम्ही फासे काढून खेळायला बसतो.

आता प्रश्न घेऊ.